राहिलेली वहाण

दक्षिण चीनमध्ये नदीकाठच्या शीथान गावी मिंगहाई महाराजांचा मठ होता. मठाच्या दाराशी भुकेल्याला पेज मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. आणि नदीतून वाहून आलेलं बेवारस प्रेत महाराज स्वतः खांद्यावर उचलून आणत. त्याला मठाची शवपेटी मिळे, मागच्या टेकडीवर जागा मिळे. कोण, कुठला, हे महाराजांनी कधी विचारलं नाही.

या मृतांसाठी आक्वेई नावाची विधवा भाताच्या पेंढ्याच्या वहाणा विणी आणि टाचेशी लाल दोऱ्याची गाठ मारी. पुढची वाट लांबची, माणसाला अनवाणी कसं पाठवायचं, एवढंच तिचं म्हणणं.

एका साली पीक बुडालं, पेंढा मिळेना. आक्वेई लियांग शेठच्या दारी गेली. त्याच्या अंगणात मात्र गेल्या सालच्या गंजी तशाच उभ्या होत्या.

"एक पेंढी द्या, शेठ. मठात एक जण आलाय."

"जण कसला? मढं म्हण की," शेठ हसला. "मेलेल्याला वहाणा! आता चालत जाणार कुठे तो?"

गडीमाणसंही हसली. आक्वेई रिकाम्या हातांनी परतली.

घरात होता तेवढ्या पेंढ्यात एकच वहाण झाली. पेटीवर माती पडली तेव्हा ती माउली रडू लागली. "महाराज, याचा एक पाय उघडाच राहिला."

महाराज म्हणाले, "ज्याच्याकडून यायची, त्याच्याकडून ती येईल, बाई."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नदीवर असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. शेठची एकुलती एक लेक शियूलान होडीतून माहेरी येत होती. होडी खडकावर फुटली. नावाडी कसाबसा पोहून आला, शियूलान आली नाही. धुक्यात होडी घालायला कुणी धजेना. शेठ धावत मठात आला आणि महाराजांपुढे कोसळला.

महाराज डोळे मिटून बसले होते. "लियांग, जरा ऐक," ते म्हणाले.

बाहेर पावलं वाजत होती. दहा-वीस जण तरी असावेत, पण कुणी बोलत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. नुसता ओला पेंढा मातीवर चपचप वाजत होता. भिंतीशी उभ्या आक्वेईला तो आवाज ओळखीचा वाटला. पावलं पायरीशी थांबली, मग टेकडीकडे निघून गेली.

शेठने दार उघडलं. पायरीवर शियूलान होती, गारठलेली, पण जिवंत! शेजारी लाल दोऱ्याचा तुकडा पडला होता.

"बाबा, खूप जणांनी मला उचलून आणलं," ती म्हणाली. "त्यांचे हात फार गार होते."

धुकं विरलं. नदीपासून पायरीपर्यंत आणि तिथून टेकडीपर्यंत चिखलात वहाणांचे ठसे उमटले होते. त्यांत एकाच माणसाचा एक पाय अनवाणी होता. शेठ त्या ठशांमागे चालत गेला. नव्या मातीच्या ढिगापाशी ते संपले.

"महाराज, नाव काय याचं?"

"मला माहीत नाही," महाराज म्हणाले.

शेठने आक्वेईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माई, मला विणायला शिकव." पेंढा त्याने स्वतः डोक्यावरून आणला. दोनदा उसवून त्याच्या हातून एक वेडीवाकडी वहाण झाली. गाठ आक्वेईने मारली. शेठने ती वहाण मातीवर ठेवली, नमस्कार केला आणि सगळे टेकडी उतरू लागले.

तेवढ्यात मागे दोन पावलं वाजली. दोन्ही पेंढ्याच्या वहाणांची. शेठने वळून पाहिलं नाही. होता तिथेच तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ मातीला टेकवलं.