साकवावरची फळी

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की ओढा दिसेना, नुसता ऐकू यायचा. पावसाळा तोंडावर आला होता आणि आम्हाला मधपेट्यांच्या तळफळ्या बदलायच्या होत्या. तळफळी कुजली की माश्या पेटी सोडून जातात, मग मध कुठला?

सभेत मी म्हटलं, जांभळाचं लाकूड घेऊ, ते पाण्यात राहूनही टिकतं. पण आमच्या मधसोसायटीचे चेअरमन दौलतराव स्वतः वखारवाले. त्यांच्याकडे आंब्याच्या, पाण्यात लवकर कुजणाऱ्या फळ्या पडून होत्या.

"रंग मारलाय त्यांना! पाण्याची काय टाप आहे! सगळ्यांनी ह्याच घ्यायच्या. कुणाला शंका?"

मी सावकाश उठलो, त्यांनी नमुन्याला आणलेली फळी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, वासही घेतला.

"साहेब, फळी झकास आहे. तुमच्या घराकडं जाणारा ओढ्यावरचा साकव आज गाव नव्यानं घालणार. दरसाल जांभूळ घालतो, यंदा ह्याच फळ्या टाकू. पहिला मान तुमच्या लाकडाला!"

"खुळे का काय, आबा?" चेअरमन ओरडले. "भर पावसात मोडली तर मी वाहून जाईन की! जांभूळच घाला!"

"मग माश्यांनी काय घोडं मारलंय, साहेब?"

जो हशा पिकला म्हणता! सगळ्यांनी जांभळालाच हात वर केले.

बाहेर पडताना शेजारची हौसाक्का म्हणाली, "आबा, भारी जिरवलीत! पण तुम्ही उठून बोलेपर्यंत ती फळी तिथंच कुजली असती बघा!"