टाक्यावरची कोरी चौकट

विषय : मौजे आंबेदरा येथील लेण्याशेजारच्या पाण्याच्या टाक्यावरील कोऱ्या चौकटीबाबत.

उपरोक्त विषयी पाहुण्यांना सांगण्यात येते, की खडकातल्या या गुळगुळीत चौकटीतले काहीही पुसले गेलेले नाही. तिथे कधी काही कोरलेच नाही.

असे सांगतात, की सिवदत्त नावाच्या व्यापाऱ्याने हे टाके इथल्या भिक्खुणींना दान दिले. दान मोठे होते. ते किती मोठे आहे हे घाट चढणाऱ्या प्रत्येकाला कळावे, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. नाव कोरून होईपर्यंत पाण्याला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला.

पाथरवटाने छिन्नी उचलली, तेवढ्यात सिवदत्ताचाच तांडा घाट चढून आला. बैल हाकणारा म्हातारा कण्ह काठावर कोसळला.

"मालक, घोटभर पाणी."

"थांब रे, अक्षरं होऊ देत. जन्मभर थांबलास, आता कसली घाई?"

"थांबतो की. पण नाव जरा आखूड ठेवायचं होतंत, मालक."

सगळे हसले म्हणे. सिवदत्तही हसणार होता; पण म्हातारा फुटलेल्या ओठांवरचे रक्त चाटत होता, ते त्याला दिसले. तो स्वतः टाक्यात उतरला, ओंजळीने कण्हाला पाणी पाजले आणि मग मान वर करीना.

विहारातली वडीलधारी भिक्खुणी सामा थेरी जवळ आली. "काय झालं, बाबा?"

"लाज वाटली, माते."

"मग आज तू धनवान झालास. तथागतांनी माणसाची सात धनं सांगितली आहेत. लाज त्यांतलं एक."

"आणि सोनं?"

"त्यांत नाही."

पाथरवट ताटकळला होता. "मग कोरू ना नाव?"

"नको. इथे मी कसा वागलो ते मला ठाऊक आहे. तेवढं पुरे."

"चौकट घासल्याची मजुरी तरी मिळेल ना?"

ती मिळाली, असे सांगतात.

आजही आंबेदऱ्यात देणगीवर नाव घालत नाहीत. बुद्धविहारातल्या पंख्याच्या पात्यांवरही नाही. पंखा कुणाचा ते कळत नाही. वारा मात्र लागतो.

गेल्या वर्षी एका माजी सभापतींनी टाक्याला कठडा बसवून दिला आणि चौकटीत नाव कोरण्यासाठी अर्ज केला. अर्जदाराने टाक्यापाशी उभे राहून तो स्वतः मोठ्याने वाचावा, असे ग्रामसभेने कळवले. साहेब दोनदा पायथ्यापर्यंत येऊन परत गेले. गावाला त्यांच्याविषयी आशा वाटू लागली आहे.

अर्ज प्रलंबित आहे.