खिळ्यावरचा बिल्ला

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध बाई राहत होत्या. सरकारी दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्मा धुण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. फिल्मा धुण्याच्या रसायनाने त्यांची बोटे कायमची तपकिरी झाली होती. निवृत्तीनंतर त्या मुलांना एक्स-रेचे काम शिकवू लागल्या. फी ठरलेली नव्हती, पण आळशाला त्या उंबऱ्यावरूनच परत पाठवीत.

त्यांचा एक शिष्य होता, हणमंत. त्याच्या हाताला गुण होता. मोडलेल्या मांडीच्या रोग्याला तो टेबलावर अशा युक्तीने निजवी, की त्या बिचाऱ्याच्या तोंडातली हाय तोंडातच राही. बाईंचा त्याच्यावर फार जीव. म्हणून शिव्याही त्यालाच जास्त.

हणमंत गावातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात कामाला लागला. दवाखान्याचा मालक एक शेठ होता, मूळचा सिमेंटचा व्यापारी. डॉक्टर त्याने पगारावर ठेवले होते, यंत्रे कर्जावर आणि बाकीची माणसे उपकारावर. दिवाळीला सोनपापडीचा डबा हातात देऊन म्हणे, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." कुटुंब म्हणणाऱ्या मालकाच्या पंगतीला एकदा बसून बघावे, म्हणजे आपले पान कुठे मांडले आहे ते कळते.

हणमंतचे काम ऑपरेशनच्या खोलीत असे. हाड बसवताना डॉक्टरांना ते आतले हाड पडद्यावर दिसत राहावे लागते. त्यासाठी एक कमानीसारखे यंत्र रोग्याभोवती फिरवायचे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा किरण सोडायचे. साधा एक्स-रे काढणारा त्या वेळी भिंतीआड जातो. या कामात तशी सोय नाही. अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून तिथेच उभे राहायचे. संध्याकाळी तो एप्रन उतरतो, पण पाठीला ते कळत नाही.

एवढे करून पगार किती? दवाखान्यात पाण्याचे जार टाकणारा गडी हणमंतला चहा पाजी आणि वर म्हणे, "राहू दे रे, तुझी परिस्थिती मला माहीत आहे." जारवाल्याने मिळवू नये असे नाही, त्याच्या कष्टाचे त्याला मिळालेच पाहिजे. पण कॉलेजच्या जाहिरातीत पांढरा कोट घालून हसणारा मुलगा दाखवतात, खाली 'उज्ज्वल भवितव्य' लिहितात आणि आईबापांकडून फी मोजून घेतात, त्यांना कुणी तरी विचारायला नको का, की हे भवितव्य नक्की कुठल्या मजल्यावर आहे? हणमंतला तर जिनाच दिसत नव्हता. लागला तेव्हा तो टेक्निशियन होता, आणि केस पांढरे होईपर्यंत टेक्निशियनच राहणार होता. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, पाटीवर नाव शेठचे. ज्याने हाड दाखवले त्याचे नाव कुठेच नाही.

शेवटी हणमंतने अर्ज देऊन पगारवाढ मागितली. त्यासोबत किरणांत उभे राहण्याचा वेगळा भत्ताही मागितला. शेठने "बघू" म्हटले, आणि बघितले नाही. तेव्हा हणमंत बाईंकडे गेला.

"बाई, तुम्ही शेठशी बोला. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही. नाही झालं, तर मी एक तारखेपासून मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानात बसतो."

"काय विकशील तिथे?"

"कव्हरं. काचा."

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "काच फुटली तर रडत तरी नाही."

हणमंतच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून बाईंनी चपला पायात सरकवल्या.

तो पगाराचा दिवस होता. शेठ पगार पाकिटात घालून स्वतःच्या हाताने वाटत असे. घेणाऱ्याने वाकून घ्यावे, असा तिथला रिवाज. बाईंना पाहून शेठ उठून उभा राहिला. त्याच्या दवाखान्यातले पहिले यंत्र बाईंनीच चालू करून दिले होते.

"या या, बाई! किती दिवसांनी पायधूळ झाडलीत. चहा सांगू का?"

"चहा नंतर. पोरगं काय म्हणतंय ते आधी ऐका. वेळ आहे ना?"

"ऐकलं की. वाढ द्या, भत्ता द्या. अहो, द्यायला माझी ना नाही. पण भत्ता कशाचा? किरणांचा. आता तुम्हीच सांगा, तुम्ही यातल्या जाणत्या." शेठने समोरची फाइल उघडली. "प्रत्येकाला सरकारमान्य बिल्ला दिलाय. अंगावर किती किरण पडले ते त्यात उमटतं. दर तिमाहीला तो मोजायला जातो. हणमंतचा आकडा बघा. शून्य. मागचा? शून्य. त्याच्या मागचा? तोही शून्य. म्हणजे याला काही लागलंच नाही! न पडलेल्या पावसाची छत्री कशी देऊ मी?"

हणमंतची मान खाली गेली. त्याला वाटले, आता बाई बोलतील. पण बाई केबिनच्या दाराशेजारच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"शेठ, यंत्र तापलं तर काय करता?" त्यांनी मध्येच विचारले.

"बंद ठेवतो. ठेवावंच लागतं, नाही तर आतली किरणांची ट्यूब जाते. फार महाग असते ती."

"अन् माणूस तापला तर?"

शेठ मोठ्याने हसला. "बाई, तुमची जीभ अजून तशीच आहे हं."

"तेवढीच धड राहिली आहे. बरं, एक मागते. हणमंताचं आजचं पाकीट मला द्या. माझ्या हातानं देऊ दे."

शेठला वाटले, गुरूच्या हातून पगार दिला की पोरगे गप्प होईल. त्याने आनंदाने पाकीट दिले. बाहेर नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टरांचे मदतनीस, सगळे रांगेत उभे होते. हणमंतने दोन्ही हात पुढे केले.

बाई त्याच्या हातांपुढून सरळ निघून गेल्या.

केबिनच्या दाराशी गणपतीच्या तसबिरीशेजारी एक लाकडी फळी होती. फळीवर खिळे होते. प्रत्येक खिळ्याखाली एक नाव आणि प्रत्येक खिळ्याला एक बिल्ला टांगलेला. बाईंनी हणमंतच्या नावाचा खिळा शोधला, पाकिटाला वर भोक पाडले, ते त्या बिल्ल्यावर अडकवले आणि बिल्ल्यापुढे हात जोडले.

"घ्या मालक, तुमचा पगार," त्या बिल्ल्याला म्हणाल्या. "महिनाभर थकला असाल."

रांगेत कुणी तरी फिस्सकन हसले. शेठही हसला, पण ते हसू तोंडावर फार वेळ टिकले नाही. हणमंतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पाकीट ओढून घेतले आणि बाईंना गाठले ते थेट रस्त्यावर.

"चार माणसांत माझी शोभा केलीत! मी तुम्हाला भांडायला आणलं होतं. तिथे गप्प बसलात, आणि वर माझी थट्टा?"

"पाकीट त्याचंच होतं, त्याला दिलं. तू का रागावतोस?"

"त्याचं कसं? काम मी करतो!"

"पुरावा दे."

हणमंत हातातल्या भोक पडलेल्या पाकिटाकडे पाहू लागला.

"बिल्ला फळीवर कुणी टांगला?" बाईंनी विचारले.

"आम्हीच. म्हणजे, सगळेच टांगतात. शेठ म्हणतात, आत नेला तर हरवतो, रक्त लागतं. आल्याआल्या फळीवर टांगून आत जायचं, शिस्त आहे ती. आणि बाई, खरं सांगू का? आम्हालाही तेच बरं वाटतं. आकडा वाढला की माणसाला त्या कामावरून काढतात म्हणे. आमच्या आधी एक होता, त्याचा आकडा चढला आणि पुढच्या महिन्यात तो घरी बसला. काम गेलं तर खायचं काय?"

मग बाई जे बोलल्या ते हणमंतला नंतर शब्दन् शब्द आठवत राहिले. आवाज त्यांनी चढवला नाही. रागाला आवाज लागतोच असे नाही.

"हणमंता, या जगात मजुरी दोन गोष्टींची मिळते. हातानं जे केलं त्याची, आणि अंगानं जे सोसलं त्याची. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, तिला साक्षीदार लागतो. हमालाचा घाम दिसतो, लोहाराच्या हातावरचा चट्टा दिसतो. आपल्याला किरण दिसत नाहीत, वास येत नाही, अंगावर पडले तरी झोंबत नाहीत. म्हणून तर शहाण्या माणसांनी हा बिल्ला शोधून काढला. तुझ्या बाजूनं बोलणारा सबंध दवाखान्यात तो एकच. अन् त्याला तू रोज सकाळी गणपतीशेजारी गार वाऱ्यात टांगतोस आणि एकटा आत जातोस. मग सरकारदरबारी कामावर कोण होतं? तो. त्याला काय लागलं? काही नाही. शेठ खोटं कुठे बोलला? त्यानं तुझंच खोटं तुला वाचून दाखवलं."

"पण ती सवय त्यांनीच लावली ना!"

"लावली. चोर आहे तो. नीच आहे. त्याला मी सोडणार नाही, त्याचं मी बघते. पण चोरानं म्हटलं कुलूप काढून ठेव, अन् आपण रोज नेमानं काढून ठेवलं, तर रात्री कुणाच्या नावानं ओरडायचं? तुम्ही सगळे काम जाईल म्हणून घाबरलात. म्हणून आपली झीज लपवलीत. झीज लपली, मग मोलही लपलं. एक झाकायचं अन् दुसरं दाखवायचं, असं होत नसतं, बाळा."

हणमंतने रस्त्याकडे पाहिले. मेहुण्याचे दुकान इथून दिसत होते. दारात कव्हरांच्या रंगीत माळा लटकत होत्या.

"आणि काढलं मला, तर?"

"तर कव्हरं विक. पण काढताना त्याला कारण लिहून द्यावं लागेल. लिहू दे की. मलाही वाचायचं आहे, सिमेंटवाल्याचं अक्षर कसं आहे ते."

दुसऱ्या दिवशी हणमंतने बिल्ला छातीशी, एप्रनच्या आत, नीट लावला आणि ऑपरेशनच्या खोलीत गेला. दोन दिवसांनी ऑपरेशनला उभ्या राहणाऱ्या नर्सने आपला काढून नेला. मग आणखी एकाने नेला. शेठने हणमंतला बोलावून विचारले, "हे काय नवीन?" हणमंत म्हणाला, "नवीन नाही शेठ. नियम जुनाच आहे." शेठने डोळे वटारले, हरवला तर पगारातून कापीन म्हणाला, आणखी बरेच काही म्हणाला. पण हणमंतने बिल्ला काढला नाही.

तिमाही संपली, बिल्ले मोजायला गेले, आकडे आले. फार भयंकर नव्हते. पण शून्यही नव्हते. त्यापाठोपाठ बिल्ले मोजणाऱ्या कार्यालयाची विचारणा आली: कामात बदल नाही, यंत्रात बदल नाही, मग इतकी वर्षे शून्य आणि आता हा आकडा, हे कसे? त्याच आठवड्यात बाई शेठच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. चहा घेतला नाही. काय बोलल्या ते कुणाला कळले नाही. दार बंद होते, आणि शेठचा आवाज एकदाही बाहेर आला नाही.

त्यानंतर ऑपरेशनच्या खोलीत शिशाच्या काचेचा पडदा आला आणि पाळीपाळीने उभे राहायला दुसरा टेक्निशियन आला. मग शेठने हणमंतला बोलावले. या वेळी अर्ज शेठच्या समोरच होता.

"तू माझं फार नुकसान केलंस," शेठ म्हणाला.

"नाही शेठ. नुकसान आधीपासून होतच होतं," हणमंत म्हणाला. "ते माझ्या अंगावर होत होतं, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

शेठने अर्ज पुढे ओढला. मग पेनाचे टोपण काढले. भत्ता मागितला तेवढा दिला. पगारवाढ मागितली त्याच्या निम्मीच दिली, तीही दातओठ खाऊन. हणमंतने कागद घेतला. वाकला नाही.

आपल्या कष्टाचे मोल ज्याला हवे आहे, त्याने मालकाच्या सोयीसाठी आपले दुखणे झाकून ठेवू नये. झाकलेल्या दुखण्याला औषध मिळत नाही आणि मजुरीही मिळत नाही.