राहेलबाईंचा अपुरा दोर

शांतवन महाराज त्या उन्हाळ्यात करंजवाडीस मुक्कामाला होते. लहानसे गाव, खापरी छपराचे ख्रिस्तमंदिर आणि समोर खोल आड. वीणा खांद्यावर घेऊन महाराजांनी वर्षानुवर्षे गावोगाव प्रभूचे कीर्तन केले. आता पाय सुजले होते, आवाज बसला होता. ते मंदिराच्या ओट्यावर नुसते बसून असत, आणि दमलेली माणसे त्यांच्याशेजारी येऊन टेकत.

त्यांतच एक राहेलबाई. घायपाताचा वाख वळून दोर करण्यात बाईंचा जन्म सरला. धनी गेला, लेक गेली, हात थरथरू लागले.

गावची रीत अशी, की वर्षाच्या प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एकत्र भाकर मोडण्याच्या पंगतीआधी, प्रत्येकाने आपल्या हातची एक वस्तू मंदिरात आणायची. बाईंच्या वाट्याला घंटेचा दोर आला होता. महिनाभर त्या वळत होत्या आणि पुटपुटत होत्या,

वळीते मी दोर । वाख टोचे हाता ।
सांगू कोणा आता । शीण माझा ॥

भोजनाचा रविवार उजाडला तरी दोर निम्माच झाला. तोच घेऊन बाई आल्या.

दारात हनोखराव उभे होते; ते मंडळीचे वडील, म्हणजे मंदिराचे कारभारी. भोजनाचे सागवानी मेज त्यांनी स्वतः घडवलेले; त्याचा तोरा चेहऱ्यावर होता.

“बाई, यानं घंटा वाजवायची का शेळी बांधायची?”

माणसे हसली.

“रीत ती रीत. पुढच्या वर्षी पुरा दोर आणा आणि मग बसा पंगतीला.”

“पुढलं वर्स मी कुठं बघतेय, दादा?” बाई एवढेच म्हणाल्या, आणि महाराजांजवळ येऊन बसल्या. “महाराज, माझं कामच पुरं झालं न्हाई. आता प्रभूच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?”

महाराज म्हणाले, “माय, दोर गावानं मागितला. प्रभूनं मागितला का?”

“मग त्यानं काय मागितलं?”

“भरवसा.”

“त्येवढाच उरलाय बघा.”

“मग झालं. टेक इथं.”

इतक्यात आडाकडून आरोळी आली. हात धुण्यासाठी पाणी शेंदताना हनोखरावांच्या पायाखालचा चिरा निसटला, आणि ते पोहऱ्यासकट आत गेले! पोहऱ्याची जुनी दोरी मधेच तुटली. खाली पुरुषभर पाणी, आणि चहूबाजूंनी शेवाळलेला दगड.

“माझा दोर घ्या!” राहेलबाई उठल्या.

“अगं, अर्ध्या आडालाही पुरायचा नाही तो!” गर्दीतून कोणी ओरडले.

महाराजांनी दोर हाती घेतला. “प्रभो, आहे ते एवढंच,” असे म्हणून त्यांनी तो आत सोडला. दोर जात राहिला, जातच राहिला, आणि त्याचे टोक पाण्याला टेकले! माणसे काठावर वाकून बघू लागली.

हनोखरावांनी दोर पकडला आणि ते हातांच्या बळावर चढू लागले. दोनदा चढले, दोनदा घसरून पाण्यात पडले.

महाराज वरून म्हणाले, “हनोखराव, चढू नका! दोर काखेखाली बांधा, आणि स्वस्थ राहा.”

“हिच्या थरथरत्या हातचा दोर! तुटला म्हणजे?”

“तुमच्या हातात तरी किती जोर उरलाय, बाबा?”

हनोखरावांनी दोर काखेखाली घेतला. मग दोर बांधल्याची हाक आली. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने हात मोकळे सोडले होते. महाराजांनी आणि चौघांनी मिळून ओढले; दोराचा एक पीळही सुटला नाही.

हनोखराव काठावर आल्यावर लोकांनी दोर पसरून पाहिला. होता तेवढाच, निम्मा!

हनोखराव महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज मागे सरले. “मला कशाला? मीही त्याच दोरावर आहे.”

ओलेत्याने हनोखराव राहेलबाईंपुढे गेले. “बाई, मी काहीच केलं नाही. नुसता लोंबकळत होतो.”

महाराज हळूच म्हणाले, “तारण ते हेच. ओढणारा वर असतो.”

हनोखरावांनी बाईंच्या भेगाळलेल्या पावलांवर डोके ठेवले.

“उठा दादा, गारठलात,” बाई म्हणाल्या. “मी बी लई दमलेय. चला, आत बसू. भाकर मोडायची राहिलीय.”