कडी कुठल्या बाजूला

कोंबड्या झाडावर झोपायच्या, तेव्हाची ही गोष्ट. रात्री रानमांजर यायचं आणि सकाळी एक कोंबडी कमी भरायची. शेवटी सगळ्या मिळून वानराकडे गेल्या. "आमची राखण करा, तुम्ही सांगाल तसं वागू," म्हणाल्या.

वानराने भक्कम खुराडं बांधलं, त्याला दार बसवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. रानमांजर दोन-चारदा दार ओरबाडून निघून गेलं. कोंबड्या निवांत झोपू लागल्या.

सुरुवातीला वानर उजाडताच कडी काढायचा. मग धुकं आहे म्हणून उशिरा काढू लागला. पुढे आभाळात घार दिसली म्हणून दिवसभर काढलीच नाही.

एक चितरी कोंबडी फटीतून म्हणाली, "कडी आतल्या बाजूला बसवून द्या. कधी उघडायचं ते आमचं आम्ही बघू."

"आणि भलत्या वेळी उघडलंत तर?" वानर म्हणाला. "तुमच्याच भल्याचं सांगतोय. मी आल्यापासून एक तरी कोंबडी गेली का?"

"रानमांजर एका वेळी एकीला न्यायचं," चितरी म्हणाली. "तुम्ही आम्हाला सगळ्यांनाच नेलंत, जागचं न हलवता."