डावं चाक

“...मग दोनशे पंचवीस घालू, वस्ताद, की दोनशे पासष्टच राहू देत?”

इंद्रजित शिरोळेनं पुन्हा तेच विचारलं. टायरच्या रुंदीखेरीज त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

हमीद वस्ताद बशीतला चहा फुंकत होते. तरुणपणी त्यांनी घाटातल्या शर्यती गाजवल्या होत्या. आता कोल्हापूरबाहेरच्या आपल्या आवारात ते शर्यतीची गाडी चालवायला शिकवत. शिकवत म्हणजे, बराच काळ नुसती चाकं काढायला आणि बसवायला लावत. इंद्रजित त्यांचा सगळ्यात वेगवान शिष्य. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

“टायरनं दगा दिला,” इंद्रजित म्हणाला.

गेल्या आठवड्यात तो आणि सुधन्वा घाटात सरावाला गेले होते. इंद्रजित चालवायला, सुधन्वा शेजारी बसून वहीतून पुढची वळणं वाचून दाखवायला. पाऊस लागला. एका वळणावर गाडी पाण्यावरून घसरली आणि डाव्या अंगानं कठड्यावर आदळली. डावीकडे सुधन्वा होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. इंद्रजितला खरचटलंही नाही.

तेव्हापासून भेटेल त्याला तो टायरचंच पुराण ऐकवत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं बाकीचे शिष्य त्याच्या माघारी म्हणत. दवाखान्यात त्यानं फळांची टोपली मात्र पाठवली होती. पाठवली होती, नेली नव्हती.

वस्तादांनी गाडीकडे पाहिलं. दोन दारांची, लालभडक, उजव्या बाजूनं नव्यासारखी. डावी बाजू पार भिंतीला चिकटवून लावलेली.

“डावं चाक काढ.”

“उजवं काढतो की. माप तेच आहे.”

“डावं.”

“त्याला गाडी वळवून लावावी लागेल, वस्ताद...”

“ताकाला आलास न्हवं? मग भांडं कशाला लपवतोस?”

इंद्रजितनं गाडी वळवली. डावं दार आत चेपलेलं होतं, दोरीनं बांधून ठेवलेलं. आवारातले शिष्य हातातली कामं थांबवून बघत राहिले. तो कुणाच्याही नजरेला नजर न देता जॅक लावायला बसला. त्याचे कान तापले होते.

वस्ताद सांगत गेले, तो करत गेला. चाक उचललं, टायरला ओला चुना फासला, गाडी काळ्या फरशीवर टेकवली, पुन्हा उचलली. फरशीवर पांढरा ठसा उमटला. मग जुना अरुंद टायर असलेलं चाक बसवलं, हवा तेवढीच भरली आणि शेजारी तसाच दुसरा ठसा उमटवला.

रुंद टायरचा ठसा आडवा पण आखूड. अरुंद टायरचा उभा, लांबट.

“पंजा ठेव.”

इंद्रजितनं एका ठशावर पंजा आडवा ठेवला, दुसऱ्यावर उभा. दोन्ही ठसे जवळजवळ झाकले गेले.

“इतकंच?”

“इतकंच. जमीन काय जास्त देत न्हाई.”

“मग रुंद टायर...”

“कोरड्यात वळणाला धरतोय. पाण्यात?”

रुंद टायर पाणी कापत नाही, पाण्यावर चढतो, आणि मग ही पंजाभर जमीनही चाकाखालून सुटते. इंद्रजितला हे आज नव्यानं कळत नव्हतं. त्या दिवशीही ठाऊक होतं.

“घाटाखाली च्याला थांबला हुता न्हवं? तवा सुधन्वा काय म्हणाला?”

“त्यानं सांगितलं तुम्हाला?”

“मी रोज जातोय त्याच्याकडं. त्यानं काय सांगितलं न्हाई. म्हणून तुला इचारतोय.”

“म्हणाला... आभाळ भरलंय. मागं ठेवलेली जुनी चाकं घालूया.”

“मग तू?”

इंद्रजितचा हात अजून त्या ठशावरच होता. तो काढून घ्यायचंही त्याला सुधरत नव्हतं.

“मी हसलो, वस्ताद. चहावाल्यासमोर म्हणालो... भित्र्यानं नुसती वळणं वाचावीत.”

आठवडाभर टायरखाली दाबून ठेवलेली लाज एकदम वर आली आणि त्याला मान उचलता येईना.

वस्तादांनी उरलेला चहा संपवला, बशी पालथी घातली.

इंद्रजितनं खालमानेनंच विचारलं, “आता तुम्हीच सांगा. कुठले टायर घालू?”

“ज्यानं सांगितलं हुतं, त्याला जाऊन इचार. आणि टोपली नेऊ नगंस.”