उभ्याने विचारलेला प्रश्न

फार पूर्वी, कर मागण्याआधी राजाला प्रजेसमोर यावे लागे अशा काळी, एका राज्यात एक रीत होती. वर्षातून एकदा सभा भरे. गेल्या साली प्रजेने जे दिले त्याचे काय झाले, हे गावांनी विचारायचे आणि प्रधानाने सांगायचे. विचारणाऱ्याने उभे राहून विचारावे, समाधान झाले की खाली बसावे. सगळे बसल्याखेरीज राजाला नवा कर लावता येत नसे.

रीत चांगली होती. पण प्रधान हुशार होता. माणसाचे समाधान होण्याआधी त्याचे पाय दुखू लागतात, हे त्याने हेरले होते. कोणी रस्त्याविषयी विचारले, की तो राजघराण्याच्या मूळ पुरुषापासून सुरुवात करी. विचारणारा थकून बसे आणि भालदार ललकारी देई, "समाधान झाले!" राजालाही ते सोयीचे वाटे.

त्या वर्षी सभा नव्या मंडपात भरली. मंडपाच्या रुंद काळ्या पायऱ्यांचे येणारा-जाणारा कौतुक करीत होता. पाऊस उदंड झाला होता आणि नगराजवळचा तलाव काठोकाठ भरला होता. तलावाच्या बांधाखाली खालवाडी हे गाव होते. तिथली एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली.

"बांधाला भेग पडलीय," ती म्हणाली. "दुरुस्तीसाठी गेल्या साली आम्ही दगड फोडून गाड्या भरून दिल्या. बांधावर एक दगड आला नाही. कुठं गेले?"

दगड कुठे गेले हे प्रधानाला पक्के ठाऊक होते. बांध आणखी एक पावसाळा काढील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. तो बोलू लागला. तलाव कोणी खोदला, पूर्वीच्या राजांनी त्यावर किती माया केली, दुरुस्तीचा विचार किती गांभीर्याने चालू आहे, हे सारे त्याने सावकाश सांगितले.

तेवढ्यात दुरून ढोल ऐकू आला. बांधावरचा राखणदार पाणी झिरपू लागले की संथ ढोल वाजवी आणि बांध खचू लागला की जलद. हा ढोल संथ होता. खालवाडीची काही माणसे लेकरे-गुरे हलवायला धावली. म्हातारी जागची हलली नाही. ती गेली असती तर तिच्यामागे प्रश्नही गेला असता.

तिचे गुडघे थरथरत होते. प्रधानाची नजर तिथेच खिळली होती.

"आजी, वय झालं तुमचं," तो मऊपणे म्हणाला. "बसून घ्या."

"बसते की, प्रधानजी. दगड दाखवा, त्यावरच बसते."

मागे कोणीतरी हसले. ढोलाचा ठेका वाढला होता. प्रधानाने पुन्हा तोंड उघडले. आणखी चार वाक्ये, की म्हातारी कोसळणार होती. भालदाराने ललकारीसाठी श्वासही भरून घेतला होता. प्रधानाच्या मनात आले, ही खाली बसेल, पण तो ढोल काही थांबणार नाही.

"दगड इथेच आहेत," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "या मंडपाच्या पायऱ्यांत. मंडपप्रवेशाचा महाराजांचा मुहूर्त साधावा म्हणून मी इकडे वळवले."

राजाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. हुकमाची वाट कोणी पाहिली नाही. पहारी आल्या, पायऱ्या उखडल्या, गाड्या बांधाकडे निघाल्या. अंगरखा काढून प्रधानानेही खांद्यावर दगड घेतला. त्या दिवशी सखल शेते गाळाखाली गेली. परंतु बांध टिकला आणि खालवाडी वाचली.

अखेरचा दगड बसला तेव्हा म्हातारी त्यावर टेकली. "आता समाधान झालं," ती म्हणाली.

प्रधानाचे पद गेले. मंडपाला पुन्हा पायऱ्या बसवल्या नाहीत. राजाला दरसाल चौथऱ्याला हात टेकून वर चढावे लागे. आणि रीत उलटी झाली: विचारणाऱ्याने बसून विचारावे, आणि त्याचे समाधान होईपर्यंत उत्तर देणाऱ्याने उभे राहावे. तेव्हापासून तिथली उत्तरे फार आटोपशीर झाली.

तात्पर्य: प्रजेने सोपवलेल्या वस्तूचा हिशेब, विचारणाऱ्याला थकवून नव्हे, तर ती वस्तू कुठे गेली हे सांगूनच पुरा होतो.